‘ए.कु.मॅ.’ : अपिलाच्या भाषांतरात कृत्रिम बुद्धिमत्तेची सोबत – कोल्हापुरातील एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण कोल्हापुरातील एका मध्यम आकाराच्या वकिली कार्यालयात 2025 च्या दिवाळीनंतर घडले. पक्षकारांची, गावाची आणि कार्यालयाची ओळख पटू नये म्हणून क्षेत्र, निशाणी क्रमांक (न्यायालय पुराव्याच्या कागदाला देते तो क्रमांक) व नात्यांतील काही तपशील बदलले आहेत. कामाचा क्रम, झालेली चूक आणि त्यानंतरचे निर्णय मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत. मी त्या कार्यालयात दुसऱ्या फळीतील वकील आहे आणि ज्या भाषांतराविषयी पुढे लिहिले आहे, त्याच्या अखेरच्या तपासणीची जबाबदारी माझ्यावर होती.

18 ऑगस्ट 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाले आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील अपिलांची वाट मुंबईऐवजी सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायसंकुलाकडे वळली. त्याआधी आमच्या कार्यालयातील एखादे प्रकरण उच्च न्यायालयात जायचे झाले की कागदांचे गाठोडे घेऊन कोणीतरी रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघत असे, आणि मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर मुंबईतील वकिलांच्या ओळखीचा एखादा अनुभवी भाषांतरकार करत असे. बेंच इथे आल्यावर प्रवास वाचला, पण भाषांतर आमच्या टेबलावर आले. खालच्या न्यायालयांतील पुरावा आणि महसुली कागद मराठीत असतात. उच्च न्यायालयाचे कामकाज संविधानाच्या अनुच्छेद 348 नुसार इंग्रजीत चालते. मराठी आपली आणि इंग्रजी रोजच्या वापरातली, तेव्हा हे काम आपल्याला येतेच, असे आम्ही न बोलता गृहीत धरले होते.

वाद दोन भावांच्या वारसांमधला होता. आजोबांनी 1938 मध्ये एक शेत मुदतखरेदीने, म्हणजे ठरल्या मुदतीत पैसे फेडले तर परत मिळेल अशा अटीवर, दिले होते. आमच्या पक्षकारांच्या म्हणण्यानुसार मुदत टळल्यामुळे ते शेत घराण्याच्या हातून गेले, आणि पुढे थोरल्या मुलाने गिरणीतील पगारातून साठवलेल्या पैशांवर ते परत विकत घेतले. म्हणून ते त्याचे स्वकष्टार्जित. धाकट्याच्या मुलींचे म्हणणे असे की पैसा एकत्र कुटुंबाचा होता आणि शेतही एकत्र कुटुंबाचेच. दिवाणी न्यायालयाने वाटपाचा हुकूमनामा केला, जिल्हा न्यायालयाने अपील फेटाळले, आणि थोरल्याचे दोन मुलगे दुसऱ्या अपिलासाठी आमच्याकडे आले.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 100 खालील दुसरे अपील कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावरच चालते, आणि त्याची मुदत 90 दिवसांची असते. नकलेसाठी लागलेला काळ वजा करूनही पक्षकार आले तेव्हा आमच्या हातात 17 दिवस उरले होते. मराठी कागद 214 पानांचे होते.

अडचण

214 पाने हा आकडा फसवा आहे, कारण पानापानांत फरक असतो. साक्षीदारांच्या जबान्या टंकलिखित होत्या आणि त्यांची भाषा आजची होती. त्यांचे भाषांतर कोणीही नीट करू शकला असता. खरी कसोटी हस्तलिखित सातबारा उतारे, फेरफार (हक्कातील बदलांच्या नोंदी) आणि 1938 चा मोडीतील दस्त यांची होती. कोल्हापूर संस्थान 1 मार्च 1949 रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले, त्यामुळे त्याआधीच्या कागदांवर संस्थानी दप्तराची पद्धत दिसते आणि नंतरच्या कागदांवर तिच्या खुणा बराच काळ रेंगाळतात.

सातबाऱ्याची भाषा मराठी असली तरी ती घरात बोलली जाणारी मराठी नव्हे. ‘आकार’ म्हणजे तिथे जमिनीवर बसवलेला सारा. ‘कुळ’ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. ‘पोटखराबा’ म्हणजे गटातील लागवडीस अयोग्य भाग. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालन कर्ता, अर्थात ज्या अज्ञानाच्या वतीने नोंद आहे त्याचा पालक. नावाला कंस केला असेल तर ते नाव कमी झाले आहे. नावाशेजारी वर्तुळात लिहिलेला आकडा हा ज्या फेरफाराने ते नाव आले त्याचा क्रमांक. यातले काहीही त्या कागदावर समजावून लिहिलेले नसते. तलाठ्याने तलाठ्यासाठी लिहिलेली ती भाषा आहे, आणि ती येणारी माणसे आता वकिलांपेक्षा वकिलांच्या कारकुनांमध्ये अधिक सापडतात.

आमच्याकडे असे एक कारकून आहेत. कार्यालयात सगळे त्यांना काका म्हणतात. तलाठी चावडी, भूमी अभिलेख आणि न्यायालयाची नक्कल शाखा यांच्या पायऱ्या झिजवण्यात त्यांची तीसहून अधिक वर्षे गेली आहेत. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून भाषांतराच्या कामात त्यांचा विचारच झाला नाही. मागे वळून पाहताना, सगळ्यात आधीचा चुकीचा निर्णय हाच होता, आणि तो निर्णय म्हणून घेतला गेल्याचेही कोणाच्या लक्षात आले नाही.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय मुंबईच्या भाषांतरकाराचा होता. त्यांना तीन आठवडे हवे होते. दुसरा पर्याय सगळे काम कार्यालयातच हाताने करण्याचा. मी आणि आमच्या कनिष्ठ सहकारी, दोघांनी मिळून दिवसाला चौदा-पंधरा पाने उरकली असती, म्हणजे मुदत संपता संपता पहिला खर्डा झाला असता आणि तपासणीला वेळच उरला नसता. तिसरा पर्याय अपील मुदतीत दाखल करून भाषांतरासाठी न्यायालयाकडे वेळ मागण्याचा होता. सरांना, म्हणजे आमच्या ज्येष्ठ वकिलांना, तो आवडला नाही. नव्या बेंचसमोरच्या पहिल्याच अपिलांपैकी एकात अपुऱ्या कागदांनिशी उभे राहणे त्यांना प्रशस्त वाटले नाही. त्यांची भावना मला समजते, पण या पर्यायावर आम्ही पाच मिनिटेसुद्धा खर्च केली नाहीत, आणि तो खरोखरच सगळ्यात सुरक्षित होता.

चौथा पर्याय कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या संभाषणात्मक साधनाचा. कार्यालयात त्याची सशुल्क वर्गणी आधीपासून होती आणि पत्रांचे मसुदे, निकालांचे सारांश यांसाठी ते वापरले जात असे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2019 मध्ये निकालांच्या भाषांतरासाठी ‘सुवास’ हे साधन वापरात आणले, त्यामुळे यंत्राने भाषांतर करणे न्यायव्यवस्थेला अपरिचित राहिलेले नाही, हा मुद्दा बाजूने होता. विरुद्ध बाजूला केरळ उच्च न्यायालयाचे जुलै 2025 मधील धोरण होते. ते त्या राज्यातील जिल्हा न्यायव्यवस्थेपुरते असल्याने आम्हाला लागू नव्हते. पण न्यायालयीन कागद खुल्या ऑनलाइन साधनांत टाकू नयेत आणि यंत्राचे भाषांतर जाणत्या माणसाने तपासल्याशिवाय स्वीकारू नये, ही त्यातील दोन्ही सूत्रे आमच्या टेबलावरही तितकीच खरी होती.

गोपनीयतेवर मात्र नीट चर्चा झाली आणि त्याचे समाधान आहे. पक्षकाराने वकिलाला विश्वासाने सांगितलेल्या गोष्टींना भारतीय साक्ष अधिनियम 2023 च्या कलम 132 चे संरक्षण आहे. ते कागद साधनात टाकायचे नाहीत, असे सरांनी पहिल्याच बैठकीत ठरवले. सातबारा हा कोणालाही पाहता येणारा अभिलेख असतो आणि जबान्या खुल्या न्यायालयात झालेल्या असतात. त्या टाकायच्या, पण सगळी नावे काढून त्या जागी ‘व्यक्ती-1’, ‘व्यक्ती-2’ अशा खुणा घालायच्या. हा निर्णय योग्यच होता. पुढची चूक मात्र याच रस्त्याने आत शिरली.

प्रत्यक्ष कृती

कनिष्ठ सहकाऱ्यांनी हस्तलिखित नोंदी आधी टंकित केल्या, नावांच्या जागी खुणा घातल्या आणि गटागटाने साधनाला दिल्या. दोन दिवसांत पूर्ण 214 पानांचा इंग्रजी खर्डा तयार झाला. जबान्यांचे भाषांतर इतके चांगले होते की सरांनी दोन परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवले. उलटतपासणीतील आडवळणाची उत्तरे, ‘मला आता आठवत नाही, पण असेल’ अशा धाटणीची वाक्ये, यंत्राने त्यातल्या संदिग्धतेसकट नेली होती. हे काम मी स्वतः इतक्या वेळात इतके नेमके केले नसते.

महसुली कागदांवर मात्र पहिल्याच दिवशी चुका दिसू लागल्या. ‘आकार’चे ‘शेप’ झाले होते आणि ‘कुळ’चे ‘क्लॅन’. एका जुन्या नोंदीत ‘2–10’ असे क्षेत्र होते, म्हणजे 2 एकर 10 गुंठे. 40 गुंठ्यांचा एकर असल्याने ते सव्वादोन एकर होते, सुमारे 91 आर. यंत्राने ते 2.10 एकर धरून 85 आर केले होते. सहा आरांचा हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या न बोलणाऱ्या भावकीत सहा आर म्हणजे काय, हे इथल्या कोणाला समजावून सांगावे लागत नाही. कंसातील नावे यंत्राने ‘ऊर्फ’ या अर्थाने घेतली होती. त्यामुळे कमी झालेला माणूस इंग्रजीत पुन्हा खातेदार होऊन बसला होता. या चुका आम्ही पकडल्या, दुरुस्त केल्या आणि प्रत्येक दुरुस्तीची एका वहीत नोंद ठेवली.

मोडी दस्ताचा अनुभव वेगळा आणि अधिक धोक्याचा होता. दस्ताचे छायाचित्र दिल्यावर साधनाने अत्यंत सुबक मराठीत आणि मग इंग्रजीत पूर्ण मजकूर दिला. चतुःसीमा होत्या, साक्षीदार होते, मुदतीची वर्षेही होती. सरांना थोडी मोडी येते. त्यांनी पहिल्या चार ओळी मूळ दस्ताशी लावून पाहिल्या आणि एकही ओळ जुळेना. यंत्राने दस्त वाचलाच नव्हता. अशा दस्तांत साधारणपणे जे असते ते लिहून दिले होते. ही साधने पुढचा संभाव्य शब्द निवडत मजकूर रचतात, त्यामुळे वाचता न आलेली जागा कोरी सोडण्याऐवजी संभाव्य मजकुराने भरण्याकडे त्यांचा कल असतो. तो मजकूर त्याच संध्याकाळी बाजूला टाकून आम्ही दस्त एका जाणत्या मोडी वाचकांकडे दिला, आणि त्यांनी चार दिवसांत केलेले लिप्यंतर वापरले.

इथे आम्हाला एक धडा मिळाला होता, पण तो आम्ही चुकीच्या ठिकाणी लावला. मोडीत यंत्र रचून सांगते, म्हणून मोडी त्याला द्यायची नाही, एवढाच अर्थ आम्ही घेतला. देवनागरीत लिहिलेल्या, पण न समजलेल्या अक्षरांच्या बाबतीतही तेच घडू शकते, हा विचार कोणाच्या मनात आला नाही.

थोरल्या भावाच्या खरेदीनंतरच्या फेरफारात त्याच्या नावाआधी ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरे होती, आणि पुढच्या उताऱ्यांत ती मिळून अकरा ठिकाणी आली होती. नावाऐवजी खूण घातल्यामुळे यंत्रासमोर ‘ए.कु.मॅ. व्यक्ती-1’ असे आले. नावाआधी तीन अक्षरे म्हणजे आद्याक्षरे, असा सरळ अर्थ लावून त्याने ‘ए. के. एम. व्यक्ती-1’ असे इंग्रजी केले. चूक होती, पण निदान पानावर दिसत होती. नंतर सहकाऱ्यांनी खुणांच्या जागी खरी नावे परत भरली, तेव्हा पूर्ण नावाआधी ही तीन परकी अक्षरे विचित्र दिसू लागली. या सहकारी शहरात वाढलेल्या, वकिलीला दोन वर्षे झालेल्या. महसुली दप्तर त्यांनी याआधी फारसे हाताळले नव्हते. टंकित करताना हस्ताक्षरातील डागाचे काहीतरी झाले असावे असे समजून त्यांनी अकराही ठिकाणची अक्षरे काढून टाकली आणि वहीत प्रामाणिकपणे नोंद केली : ‘अनावश्यक आद्याक्षरे वगळली.’

ती ओळ मी वाचली होती. माझी सही तिच्याखाली आहे. मला ‘ए.कु.मॅ.’ चा अर्थ माहीत आहे. मूळ उतारा समोर असता तर क्षणात लक्षात आले असते. पण पंधराव्या दिवशी रात्री मी फक्त इंग्रजी वाचत होतो. भाषा सफाईदार होती, वाक्ये जुळत होती, कुठेही अडखळत नव्हतो, आणि न अडखळणे म्हणजेच बरोबर असणे असे मी नकळत धरले. सोळाव्या दिवशी अपील दाखल झाले. त्यातील सातवा मुद्दा मी याच भाषांतरावरून लिहिला होता : खरेदीनंतरची नोंद थोरल्याच्या एकट्याच्या नावे, कोणत्याही विशेषणाशिवाय आहे, आणि ही बाब खालच्या दोन्ही न्यायालयांनी विचारात घेतलेली नाही.

चूक कशी उघडकीस आली

‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. ज्याच्या नावाआधी ही अक्षरे आहेत तो माणूस ती जमीन कुटुंबाचा कर्ता म्हणून धारण करतो, असे त्या नोंदीचे म्हणणे असते. आमच्या वादात यापेक्षा अडचणीची तीन अक्षरे असू शकत नव्हती. आमच्या भाषांतरातून नेमकी तीच गळाली होती, आणि गळाल्यामुळे कागद आमच्या बाजूने बोलू लागला होता.

दाखल केल्यानंतर पाच आठवड्यांनी, पहिल्या तारखेची तयारी सुरू असताना, कनिष्ठ सहकाऱ्यांनी स्वतःहून एक वेगळा प्रयोग केला. त्यांनी दोन्ही न्यायालयांचे निकाल आणि आमचे भाषांतर, पुन्हा नावे झाकून, साधनाला दिले आणि विचारले की निकालात एखाद्या निशाणीविषयी जे म्हटले आहे आणि भाषांतरात जे आहे, ते कुठे कुठे जुळत नाही. साधनाने चार जागा काढल्या. तीन किरकोळ होत्या. चौथी अशी होती : दिवाणी न्यायालयाने निशाणी 34 वरील नोंद कुटुंबाच्या मॅनेजरच्या नात्याने असल्याचे म्हटले आहे, भाषांतरित निशाणी 34 मध्ये तसा कोणताही शब्द नाही. 41 पानांच्या निकालात हा उल्लेख एकदाच आणि ओघात आला होता. अपिलाचे मुद्दे लिहिताना तो माझ्या नजरेतून निसटला होता.

त्यांनी मूळ उतारा काढला, ती अक्षरे पाहिली, आणि शेजारी पाने लावत बसलेल्या काकांना विचारले की ही कोणाची आद्याक्षरे आहेत. काकांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, “हे नाव न्हवं मॅडम. एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणायचं त्याला. तलाठी असंच लिवतात.”

या प्रसंगातील एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ज्या साधनाने चूक केली, त्याच साधनाने ती शोधायला मदत केली. पहिल्या वेळी त्याला भाषांतर करायला सांगितले होते आणि त्याने प्रत्येक जागी काही ना काही उत्तर दिले. दुसऱ्या वेळी विसंगती शोधायला सांगितले होते आणि त्याने 41 पानांतील एक ओळ बाजूला काढली. विसंगतीचा अर्थ मात्र त्याला सांगता आला नसता. तो इंग्रजी न वाचणाऱ्या माणसाने सांगितला.

निर्णयाचा प्रसंग

त्या दुपारी कार्यालयात तीन मार्ग समोर होते. पहिला, काहीच न करण्याचा. मूळ कागद न्यायालयाच्या अभिलेखात होतेच, विरुद्ध पक्षाकडेही प्रती होत्या; चूक दाखवणे त्यांचे काम, असे म्हणता आले असते. दुसरा मार्ग पुढच्या संचात दुरुस्त पाने सहज लावून टाकण्याचा, कोणाला काही न सांगता. तिसरा, चूक झाल्याचे लेखी सांगून शुद्ध पाने दाखल करण्याचा आणि सातवा मुद्दा मागे घेण्याचा.

सरांनी पहिल्या दोन मार्गांवर चर्चा होऊ दिली, पण फार वेळ नाही. भाषांतर खरे असल्याचे प्रमाणित करून त्यावर वकिलाने सही केली की यंत्राने काय केले, कनिष्ठांनी काय वगळले, हे सगळे त्या सहीत विरून जाते आणि उरतो तो न्यायालयाला दिलेला शब्द, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली ती अधिक व्यवहाराची होती : सुनावणीत विरुद्ध पक्षाने ही अक्षरे दाखवली असती, तर उरलेल्या सहा मुद्द्यांवरही कोणी विश्वास ठेवला नसता.

पक्षकारांना सांगण्याचे काम माझ्याकडे आले. थोरले पक्षकार बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “साहेब, आपल्या बाजूनं पडलंय ते आपणच कशाला काढायचं?” मी त्यांना निकालातील ती ओळ दाखवली आणि सांगितले की हा आधार मुळात नव्हताच, तो आमच्या चुकीने निर्माण झाला होता. त्यांनी विचारले की भाषांतर संगणकाने केले होते काय. हा प्रश्न ऐकून मला अवघडल्यासारखे झाले, कारण त्यांचे कागद अशा साधनात टाकले जाणार आहेत हे आम्ही त्यांना सुरुवातीला सांगितलेच नव्हते. नावे झाकली होती, खाजगी कागद दिले नव्हते, हे सगळे खरे. तरीही विचारायला हवे होते.

निष्पत्ती

शुद्धिपत्र, अकरा दुरुस्त पाने आणि सातवा मुद्दा वगळण्याचा अर्ज विरुद्ध पक्षाला प्रत देऊन दाखल केला. भाषांतराचा पहिला खर्डा संगणकीय साधनाने केला होता आणि संक्षेप वगळण्याची चूक तपासणीत राहिली, असे त्यात एका वाक्यात स्पष्ट लिहिले. विरुद्ध पक्षाने हरकत घेतली नाही. दुरुस्ती मंजूर झाली. अपील सुनावणीस घ्यायचे की नाही, हे ठरण्याच्या टप्प्यावर अजून आहे, त्यामुळे अंतिम निकालाविषयी इथे लिहिण्यासारखे काही नाही.

युक्तिवादाची मांडणी मात्र मुळापासून बदलली, आणि माझ्या मते ती आता अधिक भक्कम आहे. महसुली नोंद ही सारावसुलीसाठी असते, तिच्याने मालकी येत नाही आणि जातही नाही, हे तत्त्व प्रस्थापित आहे. आधी आम्ही नोंदीच्या बळावर उभे होतो. आता म्हणतो की तलाठ्याने लिहिलेल्या तीन अक्षरांवरून शेत कुटुंबाचे ठरत नाही. कुटुंब एकत्र होते एवढ्यावरून प्रत्येक मिळकत एकत्र ठरत नाही. मिळकत ज्यातून घेतली असे म्हणता येईल असे कुटुंबाचे मूळ उत्पन्न होते, हे दावा करणाऱ्याने आधी दाखवावे लागते. सगळा भर आता गिरणीच्या पगारावर आणि खरेदीखताच्या मोबदल्यावर आहे. तो पहिल्यापासून तिथेच असायला हवा होता.

खर्चाचा हिशेबही सांगायला हवा. पहिल्या खर्ड्यात जवळपास दोन आठवड्यांचे काम वाचले. दुरुस्तीत, सगळी 214 पाने मुळाशी पुन्हा लावून पाहण्यात आणि अर्जात नऊ दिवस गेले, आणि त्या नऊ दिवसांचे शुल्क कार्यालयाने पक्षकारांकडून घेतले नाही.

वेगळे काय करता आले असते

सगळ्यात आधी, काम सुरू करण्यापूर्वी काकांना एक दिवस टेबलाशी बसवून उताऱ्यांमधील प्रत्येक संक्षेप, प्रत्येक पारिभाषिक शब्द आणि प्रत्येक खुणेचा अर्थ लिहून घ्यायला हवा होता. हे आम्ही नंतर केले. ती शब्दसूची आता साधनाला कामाच्या सुरुवातीलाच दिली जाते आणि सोबत सांगितले जाते की यादीत नसलेला संक्षेप आढळला तर त्याचे भाषांतर करू नये, तो मूळ देवनागरीतच ठेवून शेवटी वेगळा दाखवावा. एवढ्या एका सूचनेने ‘ए.कु.मॅ.’ वाचला असता. अर्थात ही सूचना दर वेळी तंतोतंत पाळली जातेच असे नाही, म्हणून संक्षेपांची मोजणी मुळात आणि भाषांतरात वेगवेगळी करून आकडे जुळवतो.

तपासणीची पद्धतही बदलली. आता दोन माणसे समोरासमोर बसतात. एकजण मूळ मराठी मोठ्याने वाचतो आणि दुसरा इंग्रजीवर बोट ठेवून त्याचा अर्थ मराठीत सांगतो. वाचणारे बहुतेक वेळा काकाच असतात. या पद्धतीला वेळ लागतो, पण सफाईदार इंग्रजी माणसाला झोपवते आणि मूळ मराठीचा आवाज जागे ठेवतो, हा आमचा अनुभव आहे. नीटनेटके करण्यासाठी काहीही वगळायचे नाही, हा नियम कनिष्ठ सहकाऱ्यांनी स्वतः घातला. न समजलेली गोष्ट पानावर दिसत राहिली तर कोणीतरी विचारते.

त्यांच्याविषयी एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण या प्रकरणाची हकीकत ऐकणारे अनेकजण दोष त्यांच्यावर टाकून मोकळे होतात. त्यांनी वगळले, पण वहीत लिहून ठेवले. ते वाचून पुढे जाऊ देणारा मी होतो. विसंगती शोधण्याचा प्रश्नही त्यांनाच सुचला. हाच प्रश्न दाखल करण्याच्या आदल्या दिवशी विचारला असता तर पुढचे काही घडलेच नसते. त्याला अर्धा तास लागला असता.

वेळ मागण्याच्या पर्यायाबाबत सरांचे आणि माझे मत अजून वेगळे आहे. त्यांना वाटते की मुदतीत पूर्ण संच देणे बरोबरच होते, फक्त तपासणी कमी पडली. मला वाटते की साधन हाताशी होते म्हणूनच वेळ मागण्याची गरज आम्हाला जाणवली नाही. दोन दिवसांत खर्डा समोर आल्यावर उरलेले दिवस पुरेसे वाटू लागले, आणि हस्तलिखित उताऱ्यांना किती दिवस लागतील याचा वेगळा अंदाज कोणी केलाच नाही. पक्षकारांच्या संमतीबाबत मात्र दुमत नाही. वकीलपत्रावर सही घेतानाच आता मराठीतील एक छोटा मजकूर वाचून दाखवला जातो : कोणते कागद साधनात जातील, कोणते जाणार नाहीत, आणि नको असेल तर काम हाताने होईल, त्याला किती दिवस लागतील.

शब्दसूचीत आज 143 नोंदी आहेत. त्यातील तीन संक्षेपांसमोरचा रकाना कोरा आहे. साधनाला विचारले तेव्हा त्याने तिन्हींचे अर्थ सांगितले, काकांनी तिन्ही ऐकून मान हलवली. पन्हाळा तालुक्यातील एक निवृत्त तलाठी त्यांच्या ओळखीचे आहेत, ऊसतोड संपली की त्यांच्याकडे जाऊन येतो, असे ते म्हणाले आहेत.